तेराव्या पानावरची रेघ

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलेलं नसेल. म्हणून आधी माझी ओळख करून देतो. मी मायक्रोफिल्म रीडर आहे. जुन्या कागदपत्रांचे फोटो काढून ते सिनेमाच्या फिल्मसारख्या पट्टीवर साठवतात. एका रिळावर शेकडो पानं मावतात, पण एकेक पान टपाल तिकिटाहून जरासंच मोठं असतं. तेवढं लहान अक्षर माणसाच्या डोळ्याला वाचता येत नाही. माझ्या माथ्यावर एक दिवा आहे. त्याखाली दोन काचा आहेत आणि त्या काचांच्या मधून फिल्म सरकते. त्याखालच्या भिंगातून प्रकाश गेला की ते पान वीसपट मोठं होऊन खालच्या पांढऱ्या पाटावर पडतं. बाजूला एक हँडल आहे. ते फिरवलं की पुढचं पान येतं. एवढंच माझं काम.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात झाला. भिंग बसवणाऱ्या बाईंनी मला तीन वेळा तपासलं होतं, कारण डाव्या कोपऱ्यातली अक्षरं किंचित पसरत होती. तिसऱ्या खेपेला ती सरळ आली तेव्हाच त्यांनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. पुढे ट्रकने मी जॉर्जियात आलो. अल्फारेटाच्या पलीकडे एक लहान गाव आहे. तिथल्या लायब्ररीत वंशावळी शोधणाऱ्यांसाठी एक खोली होती. तिच्या खिडकीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात मला ठेवलं. अंधार मला लागतोच, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

ते दिवस फार चांगले होते. लोक माझ्यासमोर बसायला नंबर लावायचे. कोणी पणजोबांचं जहाज शोधायचं, कोणी लग्नाची नोंद. गावातल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांनी एक मंडळ काढलं होतं. त्यांनी स्कॉटलंडच्या १८६१ च्या जनगणनेची काही रिळं मागवून लायब्ररीला दिली. त्या रिळांमधली माणसं मोठी नव्हती. गिरणीत सूत कातणाऱ्या बाया, गोदीतले हमाल, चांभार, मोलकरणी. त्यांची चित्रं नाहीत, पत्रं नाहीत. दहा वर्षांतून एकदा सरकारचा माणूस दारात आला आणि त्यांचं नाव, वय, काम लिहून गेला, तेवढीच त्यांची आठवण. ती मी पाटावर मोठी करून दाखवायचो. लोक बोट ठेवून वाचायचे. माझा पाट मधोमध थोडा पिवळा झालाय, तो त्या बोटांमुळे.

मग संगणक आले. त्या जनगणनेतली नावं कोणीतरी टाइप करून मोठी यादी केली. नाव टाका, बटण दाबा, घर हजर. मूळ पानांचे फोटो वेगळ्या ठिकाणी मागवावे लागत, पण यादी हातात आल्यावर ते कोण मागवतो? माझ्याकडे येणारे कमी झाले. शेवटी माझ्यावर एक राखाडी कापड टाकलं गेलं. सहा वर्षं ते निघालं नाही. कापडाची कड उसवत गेली आणि धागे सुटून माझ्या अंगावर पडत राहिले. मला ते झटकता येत नव्हते.

या वर्षी मार्चमध्ये, एका बुधवारी दुपारी, ते कापड निघालं.

ते काढलं नीलांबरीने. ती पुण्याची, या लायब्ररीत अकरा वर्षं काम करते. तिच्यासोबत एक उंच, वाकलेल्या म्हाताऱ्या बाई होत्या. नीलांबरी त्यांना इथल्या रीतीप्रमाणे मिस मार्जरी म्हणत होती. वय त्र्याऐंशी. हातात एक घडी घातलेला कागद होता आणि तो त्या सोडत नव्हत्या.

त्यांची अडचण अशी होती. त्यांच्या पणजीची आई जेसी स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातून इथे आली, इथेच सूतगिरणीत कामाला लागली आणि इथेच वारली. गेल्या वादळात कबरस्तानातलं ओकचं झाड पडलं आणि तिच्या कबरीचा दगड फुटला. आता नवा दगड बसवायचा होता. मजकूर शुक्रवारपर्यंत त्यांच्या सहीने द्यायचा होता. मिस मार्जरींची चुलतबहीण कोरा हिने तो लिहूनही टाकला होता. हातातला कागद तोच.

मिस मार्जरींनी तो वाचून दाखवला. "जेसी. आईने टाकून दिलेलं मूल. या गावाने तिला घर दिलं."

"कोराला वाटतं हे वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल," त्या म्हणाल्या. "येईलही. पण दगडावर कोरलं की ते कायमचं खरं होतं."

"हे टाकून दिल्याचं कुठून कळलं तुम्हाला?" नीलांबरीने विचारलं.

"घरात आधीपासून तसं बोललं जायचं. पण पक्कं कळलं ते यादीतून. कोराने वीस वर्षांपूर्वी छापून आणली होती." त्यांनी पर्समधून दुसरा कागद काढला. त्यावर एका घरातल्या माणसांची दोन नावं होती. जेसी गेडिस, वय चार, नात्याच्या जागी प्रश्नचिन्ह. खाली ॲन डफी, वय बावीस, भाडेकरू. घरात आणखी कोणी नाही. चार वर्षांची पोर आणि एक परकी भाडेकरू मुलगी.

मग मिस मार्जरी हळू आवाजात पुढे बोलल्या. तरुणपणी त्या डाल्टनच्या गालिच्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करायच्या. नवरा सोडून गेला होता. मुलगी रूथ हिला त्या शेजारणीकडे झोपवून कामाला जायच्या. त्यावरून घरातल्या एका समारंभात कोरा सगळ्यांसमोर म्हणाली होती, की पोरं टाकून जाणं आमच्या बायकांच्या रक्तातच आहे. पन्नास वर्षं झाली. त्या वाक्याला उत्तर द्यायला मिस मार्जरींना अजून काही सापडलं नव्हतं.

"म्हणून एकदा मूळ पान बघायचंय. टाकलं असेल तर टाकलं. पण मी बघून सही करीन."

नीलांबरीने कपाटात शोधून रीळ काढलं. माझा दिवा लावला. मित्रांनो, सहा वर्षांनी तार तापली तेव्हा जळक्या धुळीचा वास सुटला आणि मला वाटलं, दिवा आताच जातो. तो गेला नाही.

चौदावं पान आलं. सगळ्यात वरच्या ओळीत जेसी, तिच्याखाली ॲन. यादीत होतं तसंच.

"हे अक्षर काय आहे, यार," नीलांबरी मराठीत पुटपुटली. "मुंग्या चालल्यासारखं."

"दाखवा बरं," मागून कोणीतरी म्हणालं.

ते राजाराम मेश्राम होते. नागपूरच्या इंदोऱ्यातले, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुलगी मैत्री इथे आयटीत आहे. तिच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. मैत्री ऑफिसला जाताना त्यांना लायब्ररीत सोडायची, कारण घरी बसून ते मिक्सर, मायक्रोवेव्ह उघडून बघायचे. नीलांबरी त्यांना काका म्हणायची.

"काका, स्कॉटलंडची जनगणना आहे. १८६१."

"जनगणना?" राजारामकाकांनी चष्मा पुसला. "मी तीन केल्या. एक्याण्णव, दोन हजार एक, अकरा. मास्तरांना ती ड्यूटी लागतेच. उन्हात वस्तीभर फिरायचं, आणि लोक म्हणायचे, गुरुजी, रेशन कार्डाचं काय झालं ते सांगा आधी."

नीलांबरी हसली. खुर्ची ओढून काका माझ्यासमोर बसले. आधी ते वाचेचनात. नुसते रकाने बघत होते. मला ते आवडलं. अनेकांना नाव सापडलं की पुरे होतं.

"हा शेवटचा रकाना काय?"

"घरात खिडकी असलेल्या खोल्या किती," नीलांबरीने वाचून सांगितलं. "आणि हा पहिला, घराचा अनुक्रमांक."

"मग या पोरीसमोर दोन्ही कोरे का? खाली बघा. तिसऱ्या ओळीत पीटर कोणी आहे, त्याच्यासमोर एकोणसाठ नंबर आहे आणि खोल्या दोन. त्याच्या बायकापोरांसमोर कोरं. म्हणजे हा गडी आमच्यासारखंच लिहितो. घराची माहिती फक्त पहिल्या माणसासमोर. नंतरच्यांना कोरं सोडायचं." त्यांनी जेसीच्या नावावर बोट ठेवलं. "ही घरातली पहिली नाहीच. हिच्या आधी कोणीतरी आहे. मागचं पान दाखवा."

"यादीत तर ती पहिलीच आहे," मिस मार्जरी म्हणाल्या. नीलांबरीने दोघांचं बोलणं एकमेकांना सांगायचं काम सुरू केलं होतं.

"यादी करणाऱ्यांनी पान संपलं तिथं घर संपवलं. त्यांनी कधी दारोदार फॉर्म भरला नसेल. आमच्याकडे अकरा माणसांचं घर असलं की अर्धी माणसं पुढच्या फॉर्मवर जायची. कागद पुरला नाही म्हणून ती काय शेजाऱ्याच्या घरात गेली?"

हँडल फिरलं. तेरावं पान आलं. तळाला दोन नावं होती. नीलांबरीने अडखळत वाचली. युफेमिया लँब, घरप्रमुख, विधवा, वय एकतीस, तागाच्या गिरणीत सूत कातणारी. तिच्यासमोर अनुक्रमांक अठ्ठावन्न, खोली एक. खाली ॲलेक्झांडर गेडिस, मुलगा, वय नऊ.

"गेडिस," मिस मार्जरी म्हणाल्या. "पण आई लँब कशी?"

"स्कॉटलंडमध्ये बायका पुष्कळदा माहेरचंच आडनाव ठेवायच्या. कागदोपत्रीसुद्धा," नीलांबरी म्हणाली. हे तिला कामामुळे माहीत होतं. "मुलाचं गेडिस म्हणजे वडिलांचं."

मिस मार्जरी खुर्चीत पुढे सरकल्या. आणि तेवढ्यात नीलांबरीचा आवाज बदलला.

"काका. ही रेघ."

त्या जनगणनेत एक पद्धत होती. एक घर संपलं की नोंदणारा माणूस शेवटच्या नावाच्या डाव्या बाजूला एक छोटी तिरकी रेघ मारायचा. आणि ॲलेक्झांडरच्या नावाशेजारी तशी एक बारीक, काळी, तिरकी रेघ स्वच्छ दिसत होती. घर अठ्ठावन्न तिथेच संपलं होतं. आई आणि मुलगा. जेसी त्यात नव्हती.

मिस मार्जरी पुन्हा मागे टेकल्या. कोराने लिहिलेला कागद त्यांनी उलगडला, पर्समधून पेन काढलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

मित्रांनो, त्या क्षणी माझी जी अवस्था झाली ती मला सांगता येत नाही. कारण ती रेघ १८६१ ची नव्हती. ती माझी होती. माझ्या वरच्या काचेच्या आतल्या बाजूला राखाडी कापडाचा एक धागा चिकटला होता. काच फिल्मला टेकते, त्यामुळे त्याची सावली शाईइतकीच धारदार पडत होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं दाखवलं. स्वतःचं एक अक्षर त्यात घातलं नाही. आणि आता माझ्या अंगावरच्या घाणीमुळे एक आई दगडावर दोषी ठरणार होती. मला बोलता येत नाही. दिवा मिचकावता आला असता तर मी मिचकावला असता.

"थांबा ताई," राजारामकाका म्हणाले. "सहीची घाई करू नका."

ते पाटावर इतके वाकले की त्यांच्या डोक्याची सावली पानावर पडली. मग बाजूला झाले.

"मॅडम, तो दांडा जरासा फिरवा. अर्धा. अगदी थोडा."

"कशाला, काका?"

"फिरवा तर."

नीलांबरीने हँडल थोडंसं फिरवलं. युफेमिया वर सरकली. ॲलेक्झांडर वर सरकला. सगळं पान दोन बोटं वर गेलं. रेघ मात्र जागची हलली नाही. आता ती कोऱ्या समासात एकटीच उभी होती.

"ही पानावर नाही," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात वर्गात प्रयोग जमल्यावर येतो तसा समाधानाचा सूर होता. "पानावर असती तर पानाबरोबर गेली असती. फिल्मवरचा ओरखडा असता तरी गेला असता. ही तुमच्या काचेवर आहे. किती वर्षं पुसली नाही?"

"काका, तुम्ही मला बोलणार आता."

"बोलतोच आहे."

नीलांबरीने दिवा बंद केला, काच उचलली आणि मऊ कापडाने हळूच पुसली. धागा कापडावर आला. तिने तो चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला. मग दिवा पुन्हा लागला. ॲलेक्झांडरच्या शेजारी काही नव्हतं. चौदावं पान आलं. जेसीच्या शेजारीही काही नव्हतं. धूळ निघाल्यावर तिच्यासमोरचं पुसट नातंही वाचता आलं, मुलगी. तिच्याखाली ॲन डफी, भाडेकरू, आणि ॲनच्या डावीकडे शाईची जाड, तिरकी रेघ. काकांनी न सांगता नीलांबरीने हँडल हलवलं. ती रेघ पानाबरोबर सरकली.

"आता मोजा," काका म्हणाले. "आई, मुलगा, मुलगी, भाडेकरू. चार माणसं. अठ्ठावन्न नंबरचं घर. पान मधेच संपलं, एवढंच झालं."

मिस मार्जरींनी जेसीच्या नावाला बोट लावलं. मग त्यांनी विचारलं, "त्या रात्री ती कुठे झोपली असेल?"

नीलांबरीने काकांना विचारलं. काकांना तो प्रश्न सोपा वाटला.

"आईजवळ. खोली एकच आहे, लिहिलंय ना. दुसरीकडे कुठे झोपणार?"

हे इंग्रजीत ऐकल्यावर मिस मार्जरींनी पेनाला टोपण लावलं. डोळे पुसले नाहीत, ते वाहू दिले. काका अस्वस्थ झाले आणि हिशेबी माणसासारखं म्हणाले, "ताईंना सांगा, मी त्या एका रात्रीचंच सांगतोय. जनगणना एका रात्रीची असते. पुढं काय झालं ते या कागदावर नाही."

"मला पुढचं माहीत आहे," मिस मार्जरी म्हणाल्या. "ती मोठी होऊन इथे आली, सूत कातायला लागली. ते तिला कोणीतरी शिकवलं असणार." मग म्हणाल्या, "ताग. आमच्या गालिच्यांना मागून तागाचंच कापड लावायचे. हात सोलून निघायचे."

तेवढ्यात मैत्री काकांना न्यायला आली. "बाबा, मी बाहेर वीस मिनिटं थांबले. फोन का नाही उचलत? आणि हे काय उघडलंय आता?"

"काही उघडलं नाही. ड्यूटीवर होतो," राजारामकाका म्हणाले.

"कसली ड्यूटी?"

"जनगणनेची."

मैत्रीने नीलांबरीकडे बघितलं. नीलांबरी म्हणाली, "खरं सांगतायत. तुमच्या बाबांनी आज एक माणूस वाढवला."

शुक्रवारी मिस मार्जरींनी नवा मजकूर दिला. कोराला त्यांनी आधी फोन केला आणि चौदाव्या पानाआधी तेरावं पान असतं एवढंच सांगितलं म्हणे. हे मला नीलांबरीकडून कळलं. ती हल्ली माझी काच पुसताना बोलत असते.

एप्रिलच्या शेवटी मिस मार्जरी पुन्हा आल्या. या वेळी त्यांची मुलगी रूथ सोबत होती, तिचेही केस पांढरे झालेले. त्यांना तिला ती दोन पानं दाखवायची होती. मी दाखवली. काच स्वच्छ होती, अक्षरं कोपऱ्यापर्यंत सरळ होती. मिस मार्जरींनी नव्या दगडाचा फोटो आणला होता. त्यावर लिहिलं होतं, 'जेसी. युफेमिया लँबची मुलगी.' बाकी काही नाही.

रूथने तेरावं पान वाचलं, मग चौदावं. मग आईकडे न बघता म्हणाली, "ममा, कोरा आंटी काय म्हणाली होती ते मला माहीत आहे. मी जिन्यात बसले होते."

मिस मार्जरींनी हातातला फोटो खाली ठेवला.

"मला शेजारच्या मिसेस हॅलोवेकडे झोपायला आवडायचं. तिथे सकाळी पॅनकेक असायचे. आणि पॅनकेक संपायच्या आत तू यायचीस. रोज."

"तू हे कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस."

दोघी हसल्या. मग खुर्च्या जवळ ओढून त्या पंधराव्या पानाकडे वळल्या. उगाचच, शेजारी कोण राहत होतं ते बघायला.

मित्रांनो, मी किती दिवस चालेन ते माहीत नाही. माझा दिवा आता कुठे बनत नाही. नीलांबरीकडे एकच शिल्लक आहे. तो गेला की मी थांबेन आणि मला त्याची फारशी भीती वाटत नाही. पण तोवर माझं एक मागणं आहे. जुन्या वस्तू ठेवायच्या असतील तर नुसतं झाकून ठेवू नका, अधूनमधून पुसा. आणि कोणाविषयी काही वाईट वाचलंत तर त्यावर विश्वास ठेवण्याआधी पान थोडं हलवून बघा. कदाचित तो डाग त्या माणसाचा नसेल, तुम्ही ज्यातून बघताय त्या काचेचा असेल. माझ्या काचेचा होता. तो निघाला, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.